वाटी परत करताना

१

आमच्या मुलुंडच्या सहजीवन सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घरं चार आणि वाट्या चारशे. खोटं वाटत असेल तर या मोजायला, चहा टाकते.

३०१ आमचं. मी मधुवंती ओक. पार्ल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि खोड जात नाही म्हणून अजून दुपारी चार वाजता घरी बारावीची शिकवणी घेते. आमचे हे, नंदकुमार, बँकेतून निवृत्त झाले त्या दिवशी जे पेपरात शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत. शेजारी ३०२ मध्ये शेवंतीवहिनी परब. मूळ मालवणच्या, वय बहात्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण आवाज असा खणखणीत की त्यांनी ओट्यापाशी हाक मारली तर तळमजल्यावरचा माणूस ओ देतो. ३०३ बंद. ३०४ मध्ये केयूर आणि निधी, तरुण जोडपं. आठवडाभर ऑफिस, शनिवारी माणसात.

तर वाट्या. वहिनींकडून काकडीचं गोड धोंडस येतं, घावणे येतात, काळ्या वाटाण्याची उसळ येते. माझ्याकडून पुरणपोळी जाते, थालीपीठ जातं. आणि भांडं परत करताना ते रिकामं द्यायचं नाही, एवढा एकच कायदा. घरात काही केलेलं नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. वहिनी या बाबतीत हेडमास्तरीण.

"रिकामा भांडा देव नये गो बाय," त्या म्हणायच्या. "घराक वाटता, आता आपली गरज सरली."

मी विज्ञानाची बाई, मी हसायचे. पण साखर घालायचे. शास्त्र वेगळं आणि शेजारधर्म वेगळा.

२

श्रावणाआधी पेस्ट कंट्रोलवाले येणार म्हणून मी स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी केली. भांड्यांवरची नावं वाचत बसणं हा माझा आवडता टाइमपास. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं. कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण. सगळ्यात मागे एक वाटी सापडली. उचलली आणि वाचली.

'सौ. सुगंधा म. राणे. वास्तुशांत. ३०३, सहजीवन. ११-५-९८.'

आता सांगा. आम्ही इथे शहाण्णव सालापासून आहोत. ३०३ पहिल्यापासून बंद आहे. बिल्डरच्या कुणा पुतण्याने घेऊन ठेवलंय असं सगळे म्हणतात. मग वास्तुशांत कुणाची झाली? आणि मी जेवून वाटी घेऊन आले तरी कशी?

"अहो, ३०३ मध्ये राणे होते का कधी?"

"कोण राणे?" पेपराआडून उत्तर आलं. "दुकानदाराने चुकीचं नाव घातलं असेल. मधू, चहाचं बघ ना जरा."

पटण्यासारखं होतं. मी चहा टाकला. तेवढ्यात माझं लक्ष यांच्या स्वेटरकडे गेलं. मरून रंगाचा, हातविणीचा, कोपरापाशी नाजूक वेलबुट्टी. पावसाळा सुरू झाला की हे तोच घालून बसतात.

"हा स्वेटर कुणी विणला हो?"

"तूच नाही का?"

मला विणता येत नाही. साधं बटण लावलं तर ते पंधरा दिवसांत पडतं. हे यांना चाळीस वर्षं माहीत आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो आणि मी चहा गाळला.

वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "३०३? ता बंदच आसा गो, पयल्यापास्ना." मग मिक्सर बंद करून थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या. "ह्यो मिक्सर खंयसून इलो काय म्हायत. आमी घेतलेलो नाय."

३

त्याच आठवड्यात शिकवणीत पेशींचा मृत्यू होता. माझा लाडका धडा. मुलांना मी हाताची बोटं पसरायला सांगते.

"आईच्या पोटात ही बोटं बदकाच्या पायासारखी जोडलेली होती. मधल्या पेशी गेल्या, म्हणून आज तुम्हाला मोबाइल धरता येतोय. म्हणा त्यांना थँक्यू."

पोरं खिदळत थँक्यू म्हणाली. मग मी सांगितलं की पेशी दोन प्रकारे मरते. एक अपघाताने. तेव्हा ती फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, आजूबाजूला सूज, लाली, नुसता कालवा. दुसरा प्रकार म्हणजे ठरवून मरणं, अपॉप्टॉसिस. ही पेशी फार शहाणी. आधी आक्रसते. मग आतलं सगळं नीट कापून, लहान लहान पुडकी बांधते, आणि पुडक्यांवर 'मला खा' अशी खूण लावते. शेजारच्या पेशी ती पुडकी खाऊन टाकतात. सूज नाही, डाग नाही. आपल्या अंगात रोज अशा पन्नासेक अब्ज पेशी जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

"पण मॅडम, सुरुवात कशाने होते?" रुचिराने विचारलं. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. नको तिथे बोट ठेवण्यात पटाईत.

"कधी पेशी आतूनच बिघडते आणि स्वतःच बटण दाबते. कधी बाहेरून कुणीतरी येऊन दारावर टकटक करतं, की चला, निघा. आणि कधी कुणीच काही करत नाही."

"म्हणजे?"

"अगं, बहुतेक पेशींना जगत राहण्यासाठी शेजारच्या पेशींकडून सारखा निरोप लागतो. राहा, राहा, तू हवी आहेस. तो निरोप यायचा थांबला की बस्स. मारावं लागत नाही. ती आपणहून आवरायला घेते."

"बापरे, किती सॅड," रुचिरा म्हणाली.

"सॅड काय त्यात? झकास व्यवस्था आहे," मी म्हटलं, आणि दार वाजलं. वहिनी धोंडसाचा डबा घेऊन उभ्या होत्या.

४

आता माझी चूक सांगते. सगळ्याच्या मुळाशी तीच आहे.

दोन दिवसांनी, शनिवारी, यांचा रिपोर्ट आला. साखर दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी असं काही झापलं की मी घरी येऊन साखरेचा डबा, गूळ, मध, मुरांबा, सगळं पिशवीत भरून निधीला देऊन टाकलं. घरात गोड म्हणून कणभर ठेवलं नाही. वहिनींचा डबा घासून ओट्यावर पालथा पडला होता. चार वाजत आले होते, मुलं जिन्यात पोहोचली होती. डब्यात घालायला काही मिळतंय का शोधलं, तर साखर नाही. शेंगदाणे संपलेले. तांदूळ घालता आले असते. ते सुचलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा आला.

रिकामा डबा पिशवीत घातला, पिशवी वहिनींच्या दाराच्या कडीला अडकवली आणि शिकवायला बसले.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्या एक पुडकं घेऊन. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पांढऱ्या दोऱ्याने चौकोनी बांधलेलं, दुकानदाराला लाजवेल असं.

"ह्या तुका. माका जास्त झाला."

"काय आहे यात?"

"आसा कायतरी. वापर," म्हणून त्या हसत हसत गेल्या. त्या इतक्या प्रसन्न दिसत होत्या की मलाही बरं वाटलं. पुडकं कोमट होतं. ताजं काही केलं असेल, आणि माझं पथ्य चाललेलं. मी ते न उघडताच फ्रिजवर ठेवलं.

५

मग पुडकीच पुडकी. रोज सकाळी वहिनी जिन्यात. सोसायटीच्या ग्रुपवर नुसते अंगठे आणि हात जोडलेले. 'परबमावशींकडून लोणचं मिळालं, यम्मी!' 'आम्हाला पण काहीतरी मिळालं, थँक्स काकी.' केयूरने त्याला मिळालेल्या टॉर्चचा फोटो टाकला. यांना वहिनींच्या नवऱ्याची लाकडी मुठीची छत्री मिळाली. हे ती घेऊन भाजीला जायला लागले, ऐटीत. मला एकूण तीन पुडकी आली. तिन्ही फ्रिजवर, तशीच बांधलेली. माझ्या आळशीपणाचा जन्मात एवढा उपयोग कधी झाला नव्हता, पण ते पुढे.

चौथ्या दिवशी फ्रिजवर धूळ पुसताना हात लागला. पहिलं पुडकं अजून कोमट होतं.

फ्रिजच्या मोटरची ऊब, मी म्हटलं. विज्ञान म्हणजे विज्ञान. पुडकं उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तासाभराने पुन्हा हात लावला आणि पटकन काढून घेतला. आतून काहीतरी अगदी हळू, नियमित, हललं असं वाटलं. घड्याळ असेल. वहिनींकडे गजराचं घड्याळ होतं.

ग्रुप उघडला. सकाळपासून एक नवा मेसेज होता, तळमजल्यावरच्या बाईंचा. 'लोणच्याची बरणी कुणाची आहे? आमच्याकडे कशी आली आठवत नाही. असो, लोणचं मस्त आहे, संपलं.' त्याखाली एकवीस अंगठे.

६

"अहो, परबवहिनींचं काहीतरी बिनसलंय," मी यांना म्हटलं.

"कोण परबवहिनी?"

यांना खोड आहे असली थट्टा करायची. मी पेपर खाली ओढला. "शेजारच्या. ३०२."

यांनी चष्मा वर सरकवला. चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नाही. "३०२ बंद आहे ना गं? पहिल्यापासून."

"आणि ती छत्री कुणाची?"

"माझीच," हे म्हणाले, आणि पुन्हा पेपरात शिरले. अंगात तो मरून स्वेटर होता.

तीस-एकतीस वर्षं वर्गात उभं राहून जे झकास म्हणून सांगितलं, ते सगळं एकदम आठवलं. आवरायला घेते. पुडकी बांधते. शेजारी खाऊन टाकतात. मी स्वतःला म्हटलं, मधुवंती, माणूस म्हणजे पेशी नव्हे, मूर्खासारखं बोलू नकोस. आणि असं म्हणत म्हणतच पायात चपलाही न घालता बाहेर पडले.

७

वहिनींचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांच्या चपला बाहेर नव्हत्या. दिवाणखाना मोकळा. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. भिंतीला लागून पुडकी, ओळीने, सगळी एका मापाची. दुपारचे अडीच वाजले होते, खाली भंगारवाला ओरडत होता, लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरातून कागदाची चुरचुर यायची, मग दाताने दोरा तोडल्याचा आवाज. टक्. पुन्हा चुरचुर. पुन्हा टक्. आणि मधून मधून गुणगुणणं, अगदी खुशीतलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. वहिनी पाटावर पाठमोऱ्या बसल्या होत्या.

पाठ लहान होती.

वहिनी आडव्या अंगाच्या. लिफ्टमध्ये त्या आणि मी एवढ्यातच लिफ्ट भरते. ही पाठ सातवीतल्या मुलीची होती, आणि नऊवारीचा घोळ चहूकडे जमिनीवर पसरला होता. मांडीवर एक पुडकं अर्धं बांधलेलं. उजवा हात झरझर दोरा फिरवत होता. डाव्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या.

आवाज पुडक्यातून आला.

"इलंस? बस गो," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आता थोडाच ऱ्हवला."

"वहिनी, काय चाललंय हे?"

"आवराआवर. कोणाक पसारो नको."

"दुखतंय का?" मी असं का विचारलं, देव जाणे.

"छ्या! काय एक दुखणा नाय. हलका वाटता उलट." टक्. "तू डबो रिकामो धाडलंस, तेवाच समाजला माका. म्हटला, चला."

आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. राग असता तर मी पाय धरले असते. मला रडू फुटलं आणि मी घराकडे पळाले.

८

घरात साखर नव्हती. पण एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी. यांनी बँकेच्या जुन्या डायऱ्यांमागे काजूकतलीचा डबा लपवलाय, हे मला रिपोर्टच्या दिवसापासून माहीत होतं. डायऱ्या पाडल्या, डबा काढला. मांडणीतल्या वाट्या उपसल्या. 'शेवंती धों. परब' एक सापडली. त्यात कतली रचली, तिन्ही पुडकी छातीशी धरली आणि बाहेर आले.

आणि बाहेर येऊन थांबले. कुठे निघाले होते बरं मी? हातात वाटी, म्हणजे कुणाला तरी द्यायला. ३०४? ते ऑफिसात. ३०३ बंद. ३०२ तर बंदच, पहिल्यापासून. वेडी का काय, म्हणून मी हसले आणि परत वळले. छातीशी धरलेल्या पुडक्यांपैकी एक हललं. मी दचकले, वाटी तिरकी झाली आणि अंगठ्याखाली ठिपके लागले. ती नावं कोरणारा माणूस जिथे असेल तिथे सुखी असो. मी शाळकरी पोरीसारखं मोठ्याने वाचलं, "शेवंती. धोंडू. परब." आणि धावले.

वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. उजवा हात दोरा सोडून थांबला.

"माका?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? उद्या थालीपीठ लावणारे, दही तुमचं. परवा मोदक, मला कळ्या पाडता येत नाहीत, तुम्ही याल तरच करणार. आणि रविवारी..." काय काय बोलले आठवत नाही. महिन्याभराचा स्वयंपाक सांगितला असेन. त्या वाटीकडे बघत होत्या.

"ऱ्हवतंय तर मगे," त्या शेवटी म्हणाल्या. "ती पुडकी हंय ठेव. आणि तू भायर बस."

मी बाहेर बसले. आत तासभर कागद सुटत होते. मग वहिनी चहा घेऊन आल्या, होत्या तशा आडव्या अंगाच्या. जवळजवळ. डाव्या हाताला चार बोटं होती. करंगळी कुणाकडे गेली, हे मी ग्रुपवर विचारलं नाही.

९

यांना परबवहिनी पुन्हा आठवल्या. मी कानाला खडा लावला; एक दिवस वाटी चुकवली नाही. सुगंधा राणेची वाटीसुद्धा, तेवढ्यापुरती साखर विकत आणून, भरून ३०३ च्या दारात ठेवली. ती माझ्याकडून कधी परत गेलीच नव्हती. संध्याकाळी तिला मुंग्या लागल्या होत्या, एवढंच. फार उशीर झाला होता. मी दाराशी उभी राहून चक्क माफी मागितली.

वहिनी तशा बऱ्या आहेत. मधूनच बोलताना एखादा शब्द हरवतो, एखादी सवय. ती कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी जेवणाबरोबर खाल्ली असणार. परवा त्यांनी माझी वाटी परत आणली. 'सौ. मधुवंती नं. ओक.' स्वच्छ घासलेली, चकचकीत, रिकामी.

"वहिनी, साखर?" मी गमतीने म्हटलं.

"कसली साकर?" त्या निरागसपणे म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. त्यांचा काय दोष?

तेव्हापासून खरंच फार हलकं वाटतंय. किती सामान जमवलंय आपण! रुचिराला माझ्या नोट्स बांधून दिल्या, निधीला पैठणी. पुडकी छान चौकोनी होतात. मला, जिला बटण लावता येत नाही. काल धीर करून निधीकडे वाटीभर साखर मागितली. तिने हसत दिली, पण विचारलं, "कितव्या मजल्यावर राहता तुम्ही, काकू?" मागून आणलेली चालत नाही वाटतं. माझी वाटी कुणीतरी आपणहून भरून आणायला हवी.

आज सकाळी यांनी स्वतः उठून चहा केला. कप माझ्यापुढे ठेवला आणि अदबीने विचारलं, "तुम्ही साखर घेता का?"

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो! मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "घेते ना," मी म्हटलं. "चिमूटभर घाला." यांनी ओट्यावर शोधली, आणि घरात साखर नव्हती.

हे कागदही आता बांधायला घेते, तुमच्याकडे येतील. त्याआधी एक काम करा. तुमच्या मांडणीत सगळ्यात मागे हात घाला. अनोळखी नावाची एखादी वाटी असतेच प्रत्येकाकडे. माझी असेल तर मुलुंडला, सहजीवन, ३०१. दार बंद आहे म्हणतील, तरी वाजवा. साखर नसली तर चार शेंगदाणे चालतील.